गाडी दोन बोटं खाली बसवली की चाकांचं काय होतं?

बुटकी गाडी देखणी दिसते, हे आधीच मान्य करून टाकतो. चाक आणि मडगार्ड यांच्यातली मोकळी फट मिटली की तीच गाडी रस्ता धरून बसल्यासारखी वाटते. म्हणून बरेच जण आखूड स्प्रिंग टाकून गाडी ३०-४० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं, खाली घेतात. पहिले काही दिवस वळणावर गाडी ताठ राहते, स्टिअरिंगला पटकन उत्तर देते आणि मालक खूश असतो. मग काही महिन्यांनी कुणीतरी खाली वाकून पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला हात घालतं. बाहेरून नवा दिसणारा टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत झालेला असतो. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे हिरवे, म्हणजे ठीक, येतात, तरी खडबडीत वळणावर गाडी हातातून निसटू पाहते.

गाडी सुधारल्याचा पहिला अनुभव खोटा नव्हता आणि झिजलेला टायरही खोटा नाही. दोन्ही एकाच बदलातून निघाले आहेत. कसे, ते बघू.

आधी तीन कोन

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. त्यात तीन शब्द सतत येतात.

स्वतःच्या पायांकडे बघा. दोन्ही पायांचे चवडे एकमेकांकडे वळवले तर तो टो-इन, बाहेर वळवले तर टो-आउट. चाकांचंही तसंच: वरून पाहिल्यावर चाकाचं पुढचं तोंड आत वळलंय की बाहेर, हे टो सांगतो.

कॅम्बर गाडीसमोर उभं राहून दिसतो. चाकाचा माथा आत कलला असेल, म्हणजे पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा, तर तो ऋण कॅम्बर. माथा बाहेर कलला तर धन.

कास्टर समजायला सायकल आठवा. तिचा पुढचा फोर्क थोडा तिरका असतो, आणि हात सोडले तरी सायकल सरळ जायला त्याची मदत होते. चारचाकीतही स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर मागे कललेला असतो. तो कल म्हणजे कास्टर.

हे कोन अंश आणि मिनिटांत लिहितात. एका अंशाची ६० मिनिटं. रिपोर्टवर ०°३०' दिसलं तर तो अर्धा अंश.

फायदा किती, ते आधी मोजू

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार, हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंचावर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे यावर ठरतं.

समजा गाडी १२०० किलोची आहे. गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर उंचीवर, चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर. जोरात वळण घेतलं आणि बाजूला ढकलणारा जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा झाला. हिशेब सोपा आहे: १२०० गुणिले ०.५ गुणिले ५५० भागिले १५००, म्हणजे २२० किलो. एका बाजूच्या चाकांवर ६०० ऐवजी ८२० किलो आणि दुसऱ्या बाजूला ३८० किलो.

आता गाडी ३० मिलिमीटर खाली घ्या. गुरुत्वमध्य ५२० वर आला. (चाकं आणि ब्रेक आपल्या उंचीवरच राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमीच उतरतो.) पुन्हा हिशेब केला तर २०८ किलो. फरक १२ किलोचा, साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

हा फायदा खरा आहे. टायरची पकड वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. दोन हमालांना साठ-साठ किलो दिलं तर ते नीट चालतात. एकाच्या डोक्यावर शंभर आणि दुसऱ्याच्या डोक्यावर वीस ठेवलं तर एकूण ओझं तेवढंच राहूनही जोडीचं काम मंदावतं. टायरच्या जोडीचंही असंच आहे, त्यामुळे जितकं वजन कमी सरकेल तितकी एकूण पकड जास्त. पण पाच टक्के म्हणजे पाचच टक्के. चालवताना जो जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो तो उंचीमुळे आलेला नाही.

मग तो ताठपणा कुठून आला?

मुख्यतः स्प्रिंगमधून. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आखूड तर असतातच, बहुधा मूळ स्प्रिंगपेक्षा कडकही असतात. कडक स्प्रिंगमुळे गाडीचं अंग कमी झुकतं, स्टिअरिंग वळवल्यावर ती लवकर स्थिरावते आणि चालवणाऱ्याला वाटतं की पकड वाढली.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून ठेवायला हवी, कारण बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. अंग झुकणं आणि वजन सरकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वरच्या हिशेबात स्प्रिंग कुठेच आली नाही. स्प्रिंग कितीही कडक केली तरी त्या वळणावर जवळपास तेवढेच २०८ किलो सरकणार. ते पुढच्या आणि मागच्या चाकांत कसे वाटले जातात, एवढंच स्प्रिंग बदलते. ज्या बाजूची, म्हणजे पुढची किंवा मागची, स्प्रिंग जास्त कडक, ती बाजू सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा घेते आणि आधी सुटते. पुढची बाजू आधी सुटली तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मागची सुटली तर गाडीची शेपूट फिरते. नुसतं दिसण्यावरून स्प्रिंगचा सेट निवडणाऱ्याने गाडीचा हा तोल नकळत बदललेला असतो.

ताठपणाचं आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त फसवं आहे. त्याकडे जाण्याआधी चाक वरखाली कसं होतं ते बघायला हवं.

चाक सरळ वर जात नाही

भिंतीकडे तोंड करून, हातभर अंतरावर उभे राहा. हात खांद्याच्या रेषेत सरळ आडवा धरा आणि बोटांची टोकं भिंतीला जेमतेम टेकू द्या. आता खांदा जागेवरून न हलवता आणि कोपर न वाकवता हात थोडा वर न्या. बोटं भिंतीपासून अगदी किंचित सुटतील. आणखी तेवढाच वर न्या. या वेळी बोटं भिंतीपासून चांगलीच दूर येतील. दोन्ही वेळा हात सारखाच वर गेला, पण बोटं मागे येण्याचं प्रमाण सारखं नव्हतं.

गाडीचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा आडवा दांडा, हाच हात. त्याचं आतलं टोक चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बुशमध्ये, म्हणजे रबरी सांध्यात, बसवलेलं, म्हणजे तो खांदा. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट आणि त्याला चाक, म्हणजे ती बोटं. आर्मची लांबी ३५० मिलिमीटर धरा. आडव्या स्थितीतून पहिले ४० मिलिमीटर वर जाताना बॉल जॉइंट सुमारे २.३ मिलिमीटर आत ओढला जातो. पुढच्या ४० मिलिमीटरमध्ये तो आणखी ७ मिलिमीटर आत येतो. म्हणजे तिप्पट.

गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणं म्हणजे या आर्मला कायमचं पहिल्या टप्प्याच्या शेवटी नेऊन ठेवणं. त्यानंतर रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा दुसऱ्या, जास्त वाकलेल्या टप्प्यात झेलला जातो. सस्पेन्शन आखणाऱ्याने पहिला टप्पा रोजच्या वापरासाठी आणि दुसरा क्वचितच्या मोठ्या धक्क्यासाठी ठेवलेला असतो. आपण रोजचं चालवणं त्या क्वचितच्या टप्प्यात ढकलतो.

एक मिलिमीटर आणि किलोमीटरमागे आठ मीटर

स्टिअरिंगचा टाय रॉडही असाच एक हात आहे. त्याचं एक टोक स्टिअरिंग रॅकला, दुसरं चाकाच्या नकलला. नकल म्हणजे चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक धरून ठेवणारा भाग. लोअर आर्म आणि टाय रॉड, दोघंही आपापल्या वर्तुळात फिरतात. कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपास ही दोन वर्तुळं जवळजवळ जुळलेली असतात. त्या जागेपासून दूर गेलं की एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतो आणि स्टिअरिंग न हलवता चाक वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात.

फरक किती लागतो? टाय रॉड जिथे जोडलेला असतो ती जागा चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून समजा १२० मिलिमीटरवर आहे. दोन हातांच्या ओढीत फक्त एक मिलिमीटरचा फरक पडला तरी चाक जवळपास अर्धा अंश वळतं. अर्धा अंश वळलेलं चाक सरळ रस्त्यावर न्यायचं, म्हणजे दर किलोमीटरला ते सुमारे आठ मीटर बाजूला जाऊ पाहतं आणि आपण त्याला ओढत सरळ नेतो. ती ओढाताण टायर सोसतो. तळहात टायरवरून आडवा फिरवलात तर कळतं: एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने रबराच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या बोटांना अडतात. ही टो बिघडल्याची खूण. नुसत्या कॅम्बरने झिजलेला टायर एका कडेला घासलेला असतो, पण असा दातेरी नसतो.

आता त्या फसव्या कारणाकडे येऊ. अनेक गाड्यांत पुढचं चाक वर जाताना किंचित बाहेर वळावं, अशी रचना मुद्दाम ठेवलेली असते. वळणावर बाहेरचं चाक जरासं ढिलं पडलं की गाडी शांत राहते. गाडी खाली बसवली की दोन्ही पुढची चाकं कायमची वर गेलेल्या स्थितीत येतात, म्हणजे दोन्ही टो-आउटमध्ये जातात. आणि टो-आउट असलेली गाडी वळणात शिरताना चपळ वाटते! ज्या तीक्ष्णपणाचं कौतुक होतं त्यातला एक भाग म्हणजे बिघडलेला टो असतो, आणि त्याच टोने आतली कड खाल्लेली असते. अलाइनमेंट करून टो जागेवर आणला की काही जणांना गाडी मवाळ झाल्यासारखी वाटते, ते याचमुळे.

कॅम्बरची गोष्ट उलटी का फिरते

आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाची ही रचना: खाली एक आर्म आणि वर स्प्रिंग-शॉक अब्सॉर्बरचा एकच खांब. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला भरपूर जागा ठेवणारी. पण उंचीच्या बाबतीत नाजूक.

या रचनेत चाक वर गेलं की सुरुवातीला माथा आत कलतो, ऋण कॅम्बर वाढतो. हे हवंच असतं. वळणावर गाडीचं अंग बाहेर झुकतं, चाकांनाही सोबत झुकवतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहू लागतो. वाढणारा ऋण कॅम्बर त्याला पुन्हा सपाट टेकवायला मदत करतो. पण ही वाढ लोअर आर्म आणि स्ट्रट काटकोनात येईपर्यंतच चालते. त्यानंतर चाक आणखी वर गेलं की माथा परत बाहेर येऊ लागतो.

त्यामुळे खाली बसवलेली गाडी उभी असताना तिच्या चाकांचा कॅम्बर ऋण दिसतो आणि मालकाला वाटतं, वळणासाठी उत्तम झालं. वळणावर मात्र त्या कॅम्बरची वाढ जवळपास संपलेली असते, म्हणजे ज्या क्षणी मदत हवी नेमकी तेव्हाच ती मिळत नाही. वर-खाली दोन असमान लांबीचे आर्म असलेल्या डबल विशबोन रचनेत हे दुखणं कमी असतं. तिथे कॅम्बर वाढत राहतो, फक्त उभ्या गाडीतच तो जास्त होऊन बसतो. मागे टॉर्शन बीम असेल, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच तुळईला जोडलेली असतील, तर दोन्ही बाजू सारख्या खाली गेल्यावर कॅम्बर-टो फारसे हलत नाहीत. म्हणून अशा गाड्यांत तक्रार बहुधा पुढच्या टायरची असते.

बिजागरी खाली सरकते

दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडीजवळ ढकललं तर सहज फिरतं. गाडीचं अंगही वळणावर एका काल्पनिक बिजागरीभोवती झुकतं. तिला रोल सेंटर म्हणतात. ढकलणारा जोर गुरुत्वमध्यावर लागतो. या दोघांमध्ये जितकं अंतर जास्त, तितकं अंग झुकणं सोपं.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत रोल सेंटर कुठे असेल हे लोअर आर्मच्या कलावर अवलंबून असतं. आर्मचं बाहेरचं टोक वर उचललं गेलं की रोल सेंटर झपाट्याने खाली जातं, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त. समजा गुरुत्वमध्य ५५० वर आणि रोल सेंटर १०० वर होतं. अंतर ४५०. गाडी ३० मिलिमीटर उतरली, गुरुत्वमध्य ५२० झाला, पण रोल सेंटर ६० ने उतरून ४० वर आलं. अंतर झालं ४८०. म्हणजे स्प्रिंग मूळचीच ठेवून गाडी नुसती खाली घेतली तर ती आधीपेक्षा जास्त झुकेल. ऐकायला विचित्र वाटतं, पण आखूड स्प्रिंग कडक का कराव्या लागतात याचं हे एक कारण आहे. कडकपणाचा काही भाग तर बिघडलेली भूमिती भरून काढण्यातच खर्ची पडतो.

“अलाइनमेंट करून घेतलं की झालं ना?”

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. टायर वाचवण्यासाठी अलाइनमेंट हवंच, त्यात तडजोड नको. पण मशीन चाकाचे कोन गाडी उभी असताना मोजतं. ते एका क्षणाचं चित्र आहे. टाय रॉड फिरवून टो शून्यावर आणला म्हणजे त्या एका उंचीला तो शून्य झाला. चाक वर गेल्यावर तो किती बदलणार, हे आर्म आणि टाय रॉडच्या कलावर ठरतं, आणि ते कल मशीनने बदललेले नाहीत. त्यामुळे रिपोर्ट हिरवा येतो आणि खडबडीत वळणावर स्टिअरिंग तरीही हातात वळवळतं.

मूळ दुखणं दुरुस्त करायचं तर कल पूर्ववत करावे लागतात: जास्त उंचीचे बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक खाली-वर बसवण्याची सोय, लांबी बदलता येणारे आर्म. कंपन्या स्वतः बुटकी स्पोर्ट आवृत्ती काढतात तेव्हा स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, बंप स्टॉप आणि गरजेप्रमाणे नकल व बुश असा सगळा संच एकत्र बसवून तपासतात. रेसच्या गाड्यांत तर आर्मचे चेसिसवरचे जोडच हलवलेले असतात, ट्रॅक सपाट असतो आणि टायर एका शर्यतीपुरते वापरले जातात. त्यांच्याकडे बघून फक्त उंचीची नक्कल करणं म्हणजे अर्धी कृती उचलणं.

उरलेली जागा

चाकाला वर जायला मर्यादित जागा असते. ती संपली की रबराचा ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, आडवा येतो. मूळची ८० मिलिमीटर जागा असेल आणि गाडी ४० ने उतरवली तर निम्मी उरली. निम्म्या जागेत तोच धक्का पचवायचा तर हिशेबाने स्प्रिंग चौपट कडक लागेल. एवढी कडक स्प्रिंग रस्त्यावर कुणी लावत नाही. साहजिकच गाडी वारंवार बंप स्टॉपवर आदळते.

सरळ रस्त्यावर हे फक्त कंबरेला कळतं. वळणावर ते धोक्याचं असतं. बाहेरचं चाक आधीच दबलेलं, त्यात खड्डा आला, बंप स्टॉप टेकला, आणि त्या क्षणी ती बाजू एकदम दगडासारखी कडक होते. वजनाची वाटणी क्षणात बदलते आणि त्या जोडीतली पकड सुटते. मागच्या चाकांच्या बाबतीत हे झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

“मग स्प्रिंगचा एक वेढा कापला तर?” नका कापू. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कमी केला तर ती २० टक्के कडक होते, हे खरं. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लटकलं की मोकळी झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आच देऊन स्प्रिंग आखूड करणं त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं.

ज्याकडे लक्ष जात नाही

काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एका व्हॉल्व्हने ठरतो. त्याची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली असते आणि गाडी किती दबली यावरून व्हॉल्व्ह ओझं ओळखतो. गाडी कायमची दबवली की व्हॉल्व्हला वाटतं, मागे माल भरलाय. तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात. तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल तर नव्या उंचीला तो पुन्हा लावून घ्या. माझ्या मते या यादीत सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे.

फक्त पुढची बाजू उतरवली तर कास्टरही कमी होतो: २५०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीत ४४ मिलिमीटरला एक अंश. हेडलाइटची दिशाही तेवढीच बदलते, आणि २५ मीटरवर एक अंश म्हणजे ४४ सेंटिमीटर. पुढे कॅमेरा-रडार असलेल्या गाड्यांना नवी उंची पुन्हा शिकवावी लागू शकते.

करायचंच असेल तर

गाडी थोडीच खाली उतरवा. पहिल्या २०-२५ मिलिमीटरमध्ये आर्म अजून वर्तुळाच्या सरळ भागाजवळ असतो, नुकसान थोडं असतं. स्प्रिंगसोबत तिला साजेसे शॉक अब्सॉर्बर घ्या, कारण मूळचे शॉक अब्सॉर्बर कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाहीत.

मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटपर्यंत आवळू नका. बुशमधलं रबर आवळलेल्या स्थितीला चिकटून राहतं. चाकं लटकलेली असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यापासून ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, मग आवळा.

नव्या स्प्रिंग काहीशे किलोमीटर चालल्यावर थोड्या बसतात. अलाइनमेंट त्यानंतर पक्कं करा. आधी मागची चाकं, मग पुढची. आधी कॅम्बर आणि कास्टर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. पुढचे दोन-तीन महिने गाडी धुताना चाकं पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवरून दोन्ही दिशांनी तळहात फिरवत जा. दाते लागले तर त्याच आठवड्यात टो पुन्हा मोजून घ्या.